स्कॅल्डबीची हिरवी झेंडी

स्कॅल्डबीचं स्टेशन उणंपुरं नऊ वर्षं जगलं. कंपनीने मारलं, असं गाव म्हणे. खरं कुणी मारलं हे टॅबिथा ड्रिंगला ठाऊक होतं, आणि तेच तिला आतून खात होतं.

नवरा रुळांवर काम करताना गेला, म्हणून कंपनीने ते चिमुकलं स्टेशन तिच्या हवाली केलं. फाटक, कंदील, तिकिटं, झेंडी, सगळं तीच बघे. बाई कामाला चोख, पण राग नाकाच्या शेंड्यावर. आठव्या वर्षी, गावच्या चॅपलच्या, म्हणजे छोट्या चर्चच्या, चहापानात, अँब्रोज लीक या बड्या शेतकऱ्याने तिचा केक कसाबसा चावला आणि म्हणाला, "ड्रिंगबाई, हा रुळावर ठेवा, इंजिनाची पुढे जायची छाती व्हायची नाही!" सगळे पोट धरून हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी फलाटाला उभी होती. उतारावरून अँब्रोजची घोडागाडी दुधाचे कॅन खडखडवत येताना स्वच्छ दिसत होती. गार्डने विचारलं, "थांबू का जरा?"

"वेळ म्हणजे वेळ," म्हणत टॅबिथाने झेंडी हलवली.

जुलैच्या उन्हात दूध नासलं. अँब्रोज तेव्हापासून दूध पाच मैलांवरच्या दुसऱ्या स्टेशनावर नेऊ लागला. त्याच्यामागून बाकीचेही गेले. उद्या जाऊन माफी मागू, असं म्हणता म्हणता टॅबिथाचा हिवाळा सरला. वसंतात कंपनीचं पत्र आलं. दूध नाही, तर स्टेशनही नाही.

शेवटच्या दिवशी गाव फलाटावर लोटलं. लंगडी केझाया म्हातारीसुद्धा आली. दर बुधवारी ती इथूनच गाडीने इस्पितळातल्या लेकीला भेटायला जाई. गावाने टॅबिथाला चहाची किटली भेट दिली, आणि ती द्यायला नेमका अँब्रोजच पुढे झाला.

तिला राहवलं नाही. "मी पाहिली होती हो तुमची गाडी त्या दिवशी," ती पुटपुटली.

"ठाऊक आहे. माझ्याकडे बघतच झेंडी हलवलीत." त्याने मान खाली घातली. "दोन दिवसांत राग गेला होता माझा. पण आधी तुम्ही याल म्हणून अडून बसलो."

तेवढ्यात केझाया काठी टेकत आली. दोघांचे हात धरून म्हणाली, "तुझी झेंडी न् यांचं दूध, म्हणून चाललं स्टेशन. नाहीतर लेक कुठली दिसायला मला! देव भलं करो तुमचं."

टॅबिथाने विचारलं, "आणि आता बुधवारी, आजी?"

"जाईन की पायी त्या पाच मैलांवरच्या स्टेशनावर," म्हातारी हसली. "मंगळवारीच निघायचं, झालं!"