कोरड्या इंजनातलं पानी

हे म्या आजवर कोनालेच सांगितलं नाई. भावाले नाई, बायकोलेबी नाई — अन् ती बिचारी मरेपर्यंत मले सरळ मानूस समजत राह्यली. तुले सांगतो, कारन तू माह्या नात्याचा ना गोत्याचा. पन एक आधीच सांगून ठेवतो. मधात च्-च् करू नोको. "जाऊ द्या मिस्त्री, होते मानसाच्या हातून," असं तर अजिबात म्हनू नोको. ते आयकायले मी बसलो नाई.

चिखलीत कोनालेबी विचार, टाकेवाला मिस्त्री कुठी बसते. पानवालाबी बोट दाखवन. टाके कायचे? लुगड्याचे नाई, इंजनाचे. फुटलेल्या इंजनाले टाके घालनारा मानूस म्हनून माहं नाव झालं, तिकडं दुसरबीडपर्यंत झालं. अन् ज्याच्यानं नाव झालं, ते पहिलं इंजन फुटलं कसं — थांब. येतो तिथं. लय वर्षं आलो नाई, आता जरा दमानं येऊ दे.

महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. अमडापूरच्या अलीकडं एका गावात आबाजी म्हनून मोठे शेतकरी होते. त्यायनं एक जुना विलायती ट्रॅक्टर घेतलता. त्याचं सामान या मुलखात भेटत नोतं, म्हनून काई बिघडलं की मले चिखलीहून एस.टी.नं बोलावनं येई. अन् तो चालवे सुखदेव.

सुखदेव बौद्धवाड्यातला. रस्त्याच्या रोलरवर शिकलेला. बोले कमी, अन् तेच मले डाचे. मी पाने काढून इंजन खोलायले बसलो की हा बाजूले उकिडवा बसून म्हने, मिस्त्री, वरून नाई, पंपाकडून पाहा. अन् बिघाड निघे तिथंच. एकदा नाई, दरवेळी. एकदा तर आबाजी चारचौघात म्हनले, मिस्त्री, तुमचे पाने याच्याच हातात देऊन टाका. लोक हसले. मीबी हसलो. आतून जळून कोळसा झालतो.

बोलायचंच ठरवलं तर पुरं बोलतो. आबाजीच्या पुतन्यानं माही चूक दाखवली असती तर मी एवढा जळलो नसतो. त्या वाड्यातल्या मानसानं दाखवली, अन् ती बरोबर निघाली — हे मले पचलं नाई. आता तू तोंड वाकडं केलं. कर. तुह्या गावात असे लोक नोते का? तुह्या घरात?

पोळा आला. त्या दिवशी बैलायच्या मानेवर जू ठेवत नाईत. पन ट्रॅक्टरले कोन सुट्टी देते? सकाळून आबाजीनं सुखदेवले बांधाचे दगड आनायले धाडलं. अन् दुपारून त्यायची हौस अशी, की औंदा ट्रॅक्टरबी तोरनाखाली उभा करायचा, बैलायसंगं. बोनटाले बेगड, गळ्यात घुंगरमाळ. आधी न्हाऊ घालायचं — बैलाले घालतेत, मंग याले काऊन नाई? ऐन वेळी ट्रॅक्टर अडून बसू नये म्हनून मले आवतन होतं.

शेवटची खेप आनली अन् गोठ्याजवळच पंख्याचा पट्टा तुटला. नुसती वाफ. सुखदेवनं तिथल्या तिथं इंजन बंद केलं. मले म्हने, पट्टा बदला, पन पानी आत्ता टाकू नका, इंजन पार थंडं होऊ द्या. एवढं सांगून तो घरी गेला. तोरनाखाली तो येनारच नोता. "आमचं आता ते राह्यलं नाई," असं त्यानं आबाजीले आधीच सांगितलतं, अदबीनं सांगितलतं. तरी गावाले खुपलं होतं.

म्या पट्टा बदलला. तिकडं डफडं वाजू लागलं. आबाजीचा गडी दोनदा येऊन गेला, लोक खोळंबले म्हने. न्हाऊ घालायले इहिरीच्या पान्याच्या बादल्या भरून ठेवल्या होत्या. इंजनाले हात लावून पाह्यला — बोट टेकत नोतं. तापल्या बिडावर, म्हंजे ओतीव लोखंडावर, गार पानी टाकलं की ते तडकते, हा मिस्त्रीचा पहिला धडा असते. मले ठाऊक नोतं का? चांगलं ठाऊक होतं. पन मनात आलं, आता थांबलो तर सुखदेवनं सांगितलं म्हनून थांबलो असं होईल.

म्या बादली उचलली अन् ते गार पानी इंजनात ओतलं.

आवाज लहानसाच झाला. चुलीजवळ कपाची कड उडावी एवढा. मंग बाजूनं पानी लागलं गळायले. इंजनाचं धड, त्याले आमी ब्लॉक म्हनतो, ते वीतभर तडकलं होतं. माह्याबिगर तिथं कोनी नोतं. सारे तोरनाकडं.

आबाजी आले, मागून अर्धं गाव आलं. त्यायनं मले काई विचारलंबी नोतं. अन् माह्या तोंडून निघालं, "सुखदेवनं पान्याबिगर कोरडं पळवलं. इंजन फोडलं त्यानं."

दुसरा सवाल कोनी केलाच नाई. पोळ्याले नाक मुरडते, अन् पोळ्याच्याच दिवशी फोडते — लोकायले आनखीन पुरावा लागत नोता. लागनार नाई हे मले माहीत होतं. माहीत होतं म्हनूनच तर त्याचं नाव तोंडात आलं. आबाजीच्या पुतन्याचं आलं असतं का?

सुखदेवले बोलावनं गेलं. आला. वाकला, फटीवरून अंगठा फिरवला, खालचा चिखल पाह्यला, रिकामी बादली पाह्यली. मंग माह्याकडं पाहून हळूच म्हने, "मिस्त्री, कोरडं होतं, तर हे गळून काय राह्यलं?"

सांग बरं, याच्याहून सोपा सवाल असते का? पानी साऱ्यायच्या पायाखाली होतं. आबाजीचे जोडे त्यात भिजले होते. एकालेबी दिसलं नाई. म्या मोठ्यानं म्हनलं, "गप बे. एक तर फोडलं, अन् वरून तोंड चालवतं?" लोक माह्याच बाजूनं बोलले. आबाजीनं त्याले तिथंच कामावरून काढलं. तो गेला — मान खाली घालून नाई गेला, हेबी सांगतो. त्याचा मले आनखीन राग आला.

दुसरा ब्लॉक विलायतेतून यायचा म्हंजे वर्ष गेलं असतं. म्या म्हनलं, टाके घालतो. फट पुढं सरकू नये म्हनून दोन्ही टोकाले भोकं पाडायची. मंग फटीवर एकाले लागून एक भोक, त्यात आटे पाडून तांब्याचे खिळे पिळायचे, डोकी कापायची, ठोकून सपाट करायची. सारं हातानं. आठ दिवस लागले. असं काम म्या त्याच्या आधी केलं नोतं, अन् मागूनबी तसं जमलं नाई. लोक म्हनले, मिस्त्रीच्या हातात देव हाये. देव कायचा! ती फट मले डोळ्यासमोर नोको होती, बास. पानी भरलं तर थेंब गळला नाई. गावोगावचे लोक पाहायले आले.

तिथून मी टाकेवाला झालो, अन् तो फोड्या झाला. सुखदेव हे नाव त्या भागातून गेलंच. फोड्याचं घर, फोड्याची बायको, फोड्या आला का कामावर. ट्रॅक्टर तर सोड, रोलरवरबी त्याले कोनी बसवलं नाई. तो खदानीत दगड फोडू लागला, तर लोक म्हनले, आता बरोबर धंदा सापडला. मीबी म्हनलो. माह्याच दुकानात, माह्याच तोंडानं.

आता तू म्हनशील — मिस्त्री भेला, तोंडातून निघून गेलं, मंग मागं फिरता आलं नाई. म्याबी स्वतःले लय वर्षं हेच सांगितलं. पन एवढ्यासाठी मी तुले बसवून घेतलं नाई. अजून हाये.

आबाजी वारले. तो ट्रॅक्टर भंगारात गेला. मंग एक दिवस दुसरबीडकडचे एक शेतकरी दुकानात आले. त्यायनं नवा ट्रॅक्टर घेतलता, चालवनारा पायजे होता. म्हने, एक मानूस पाह्यला, हात चांगला वाटते, पन लोक त्याले फोड्या म्हनतेत. तो स्वतः म्हनते, चिखलीच्या टाकेवाल्या मिस्त्रीले विचारा. त्यायले खरं ठाऊक हाये. ते सांगतीन ते मले कबूल.

म्या बाहेर पाह्यलं. रस्त्यापल्याड चहाच्या दुकानाशी सुखदेव उभा होता. धुतलेला सदरा घालून आला होता. केस पिकले होते. आत आला नाई, हात जोडले नाईत. नुसता माह्याकडं पाहून राह्यला होता.

"त्याच्या हातून नोतं फुटलं." एवढंच म्हनायचं होतं. मंग कोनाच्या हातून, हे त्या शेतकऱ्यानं विचारलंबी नसतं. त्याले काय करायचं होतं? माहं दुकान, माहं नाव, सारं जाग्यावर राह्यलं असतं.

म्या हातातलं काम खाली ठेवलं. फडक्यानं हात पुसले. अन् गोड आवाजात म्हनलं, "मानूस चांगला हाये, भाऊसाहेब. पन इंजनाजवळ बसवू नका."

ते गेले. रस्ता ओलांडून त्याच्याशी दोन शब्द बोलले. सुखदेवनं मान हलवली अन् एस.टी. स्टँडाकडं चालू लागला. माह्याकडं पुन्हा पाह्यलं नाई. तो खदानीवरच मेला. मी मातीले गेलो नाई.

काऊन केलं? लय खोदलं म्या स्वतःले, उत्तर एकच निघते. तो पुन्हा ट्रॅक्टरवर बसला असता, तर पुन्हा बरोबर निघाला असता. पोळ्याच्या दिवशी मी भेलो होतो. दुकानात मले कोनाचीच भीती नोती.