ताऱ्याच्या अंगावरनं वारं

आईच्या अंगावरनं वारं गेलं आणि तिची उजवी बाजू लुळी पडली, जीभही अडकली. "त्यांना बोलतं ठेवा, नाहीतर वाचा कायमची जाईल," असं नारायणगावच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. दिवसभर वहिनी तिच्याशी बोलायची, संध्याकाळी माझी पाळी. पण बोलणार तरी काय? "जेवलीस का?" म्हटलं की "हो" नाहीतर "नको", यापुढे गाडी सरकेना.

मी तेव्हा जवळच्या रेडिओ दुर्बिणीवर नोकरीला होते. एकदा तिथून एका तेजोमेघाचं रंगीत चित्र घरी आणलं, आईच्या मांडीवर ठेवलं आणि सुरू झाले. मधला हा तारा लई मोठा. त्याच्या अंगावरनं सारखं वारं सुटतं, भलत्याच वेगानं. ते भोवतालचा वायू ढकलत नेतं, मध्ये पोकळी होते आणि कडेला कवच साठतं. या बाजूला वायू दाट, म्हणून कड उजळ. त्या बाजूला विरळ, तिकडं सगळं फाकून गेलंय.

आई त्या अंधाऱ्या बाजूकडं बघत राहिली. मग एकेक शब्द ओढत म्हणाली, "त्याच्याबी... अंगावरनं... वारं गेलं व्हय?"

पूर्ण वाक्य! आणि मी काय करावं? खो खो हसले. वर ओरडले, "वहिनी, ऐकलंत का, ताऱ्याला लकवा!" आणि आईला म्हटलं, "अगं, तसं नसतं!"

वहिनी परातीतले हात तसेच घेऊन बाहेर आली. "वन्सं, किती दिसांनी बोलल्या त्या. चुकलं तर चुकू द्यायचं व्हतं की."

आईनं भिंतीकडं तोंड फिरवलं. त्यानंतर "हो" आणि "नको"सुद्धा बंद झालं. डॉक्टरांनी सांगितलेलं एवढं एकच काम माझ्याकडं होतं, आणि मी बाई शहाणपणा पाजळत बसले.

शेवटी एके दिवशी मी ते चित्र पुन्हा तिच्या मांडीवर ठेवलं. "आई, तुझंच बरोबर गं. वारंच गेलंय त्याच्या अंगावरनं. एक बाजू गेलीय बघ."

तिनं माझ्याकडं पाहिलं. डाव्या हातानं चित्र बाजूला सारलं.

"तसं... नसतं."

मी रडले, वहिनीही रडली. वाचा आली म्हणून. पण पुढं तिला तेवढंच येत राहिलं. पाणी देऊ का विचारलं तरी "तसं नसतं." नातवंडं गळ्यात पडली तरी "तसं नसतं." हुबेहूब माझ्या सुरात.