मिलिंदला दिसत नाही!

ऑफिसचं काम निदान शुक्रवारी थांबतं. किस्से थांबत नाहीत. आमच्या जेवणाच्या टेबलावर रोज एखादा नवा येतो आणि जुन्यांना सरकून बसायला सांगतो. त्यातले निम्मे एकट्या मिलिंदचे!

*

सुरुवात झाली ती एचआरच्या रिलॅक्सेशन सेशनमध्ये. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "डोळे मिटा. समोर समुद्र आणा."

नंतर विचारलं, काय दिसलं? मला पुसटसं निळं काहीतरी दिसलं होतं. आमच्या टीममधल्या शुभांगीला होडी दिसली, होडीवरचं नावसुद्धा वाचता आलं. मिलिंद म्हणाला, "अंधार."

"प्रयत्न करा ना!"

"अहो, डोळे मिटल्यावर अंधारच होणार!"

मग कळलं, की त्याला डोळ्यासमोर कधीच काही येत नाही. शुभांगीनं नेटवर शोधलं, याला अफँटेशिया म्हणतात. मिलिंद हादरलाच. "म्हणजे तुम्हाला खरंच दिसतं? मला वाटायचं, नुसतं म्हणायची पद्धत आहे. 'डोकं खाऊ नकोस' म्हणतो, तेव्हा कोण डोकं खातं?"

*

शुभांगीचं बरोबर उलटं. तिला नुसतं ऐकलं तरी सगळं रंगासकट दिसतं.

ती अळूवड्या आणायची त्या दिवशी मिलिंद सहज सुरू करायचा, "आज जिन्याखाली मांजर काय ओकली होती, माहितीये?" शुभांगी तोंड फिरवून डबा पुढे सरकवायची. हा गाणं गुणगुणत सगळ्या वड्या संपवायचा.

आमच्या बिल्डिंगमध्ये मांजरच नाही, हे आमच्या लक्षात यायला महिना गेला!

*

एका मीटिंगमध्ये आमचे देशपांडे सर म्हणाले, "पाच वर्षांनी आपली टीम कुठे असेल, व्हिज्युअलाइज करा."

"सर, मला काहीच दिसत नाही."

सरांनी चष्मा पुसला. "मलाही नाही दिसत. पण क्लायंटसमोर बोलू नकोस."

*

मग मिलिंदचा साखरपुडा झाला. मुलगी साताऱ्याची, रुचा. एकदा तिनं फोनवर लाडात विचारलं, "डोळे मिटलेस की मी दिसते का रे?"

हा सरळमार्गी. म्हणाला, "नाही."

फोन कट! नंतर तिनं उचललाच नाही. याचं जेवणातून लक्ष उडालं, अळूवड्यांकडेही बघेना. शेवटी शुभांगीनंच रुचाला फोन लावून सगळं समजावलं. ते रुचाच्या वडिलांच्या कानावर अर्धंच गेलं. त्यांचा मिलिंदच्या घरी फोन, "मुलाला दिसत नाही, हे आधी सांगायला हवं होतंत!"

शनिवारी रुचाचा मेसेज आला. 'मी येतेय. समोरासमोर बोलू.'

धीर द्यायला आम्हीही स्वारगेटला गेलो. बस उशिरा आली. दारातून एकामागून एक मुली उतरल्या, सगळ्यांचे चेहरे स्कार्फनं बांधलेले, वर गॉगल! मिलिंद गर्दीत घुसला आणि थेट एकीच्या हातातली बॅग घेतली.

रुचानं गॉगल काढला. "ओळखलंस कसं?"

"तू खांद्यावरची ओढणी सारखी मागे टाकतेस. हे मला माहितीये. त्यासाठी डोळे मिटून दिसावं लागत नाही."

तिनं त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाली, "आणि डोळे का एवढे लाल? रडलास?"

"नाही गं. धूळ. डोळे मिटले असते तर तू उतरताना दिसायची राहिली असतीस. म्हणून मिटलेच नाहीत."

रुचानं चेहऱ्यावरचा स्कार्फ सोडला.

"मिट आता, वेड्या. मी कुठं पळतेय?"