उठून बसणारे लॉर्डसाहेब

मी ज्यांची सेक्रेटरी होते, त्या लॉर्डसाहेबांना ब्रिटनच्या संसदेतली जागा पणजोबांच्या पदवीमुळे मिळाली होती आणि आता नव्या कायद्याने ती जाणार होती. शेवटचा आठवडा होता. ऑफिसची पुस्तकं खोक्यांत भरायची सोडून मी एकाच गोष्टीच्या मागे लागले होते. डायलिसिसच्या पेशंट्सना हॉस्पिटलात नेणारी गाडी बंद होणार का, हे त्यांनी मंत्र्यांना सभागृहात विचारावं. माझे बाबा, रिटायर्ड डॉक्टर, लंडनच्या कडेच्या स्टॅनमोरहून आठवड्यातून तीनदा त्याच गाडीने जातात. साहेबांनी मला शब्द दिला होता. प्रश्न मीच लिहून दिला, जेमतेम दोन ओळींचा.

हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, बोलायला कुणी नाव पुकारत नाही. ज्याला बोलायचंय त्याने उभं राहायचं आणि दोघं उठले तर एकाने समजुतीने खाली बसायचं. बसणारे नेहमी आमचे साहेबच. इतकी वर्षं मला त्याचं कौतुक वाटायचं. त्या दिवशी मात्र प्रेक्षकांच्या गॅलरीत माझे पाय एका जागी ठरेनात.

आरोग्याचा विषय निघाला. साहेब उठले. समोरून एक बाई उठल्या, साहेब बसले. पुन्हा उठले, पुन्हा बसले. माझा जीव टांगणीला लागला. शेवटच्या मिनिटाला पलीकडच्या बाकावरचे एक नवे सभासद साहेबांना उभं पाहून आपणहून बसले. आणि त्यांचा मान राखायला आमचे साहेबही बसले! तिसऱ्याच कुणीतरी उठून भलतंच काहीतरी विचारलं आणि वेळ संपली.

कॉरिडॉरमध्ये ते हसून म्हणाले, "आज सगळे किती छान वागले, नाही?" मला त्यांचा भयंकर राग आला होता. त्याहून जास्त माझा स्वतःचा, कारण ते असेच वागणार हे मला पक्कं ठाऊक होतं.

घरी बाबा टीव्हीसमोरच होते. त्यांनी सगळं लाइव्ह पाहिलं होतं.

"जेंटलमन आहे गं तुझा लॉर्ड," ते म्हणाले. "मीही असाच बसत आलो. कन्सल्टंटची वरची पोस्ट दोनदा दुसऱ्याला गेली, मी म्हटलं, असू दे."

"बाबा, तुम्ही त्यांची बाजू घेऊ नका हं."

"बाजू नाही घेत. तुला सांगतोय." त्यांनी टीव्ही बंद केला. "उद्या सकाळी गाडीचं विचारायला हॉस्पिटलला तूच फोन कर. आणि त्यांनी होल्डवर ठेवलं, तर 'नो वरीज' म्हणून फोन ठेवून देऊ नकोस."