खिडकीतला वर्तमानकाळ

गुरुवारी सकाळी शैला गेली. ती माझी बायको. घरी मुलींची इंग्रजीची शिकवणी घ्यायची. चालू वर्तमानकाळ शिकवताना ती त्यांना खिडकीशी उभं करी आणि बाहेर आत्ता जे चाललंय तेवढंच इंग्रजीत सांगायला लावी.

महिन्याभराने मुली आल्या. शिकवणी बंद झाली, एवढं सांगायलाच मी दार उघडलं होतं. त्या सवयीने थेट खिडकीकडे गेल्या आणि मी लावून ठेवलेली खिडकी त्यांनी उघडली.

"काका, तुम्हीपण या. बाई कुणालाच सोडायच्या नाहीत," सई म्हणाली.

समोरच्या गच्चीवर एक बाई वाळलेल्या कुरडया गोळा करत होती. जन्मभर मराठी शिकवलेला मी म्हणालो, "वुमन कलेक्टिंग कुरडया."

"'इज' कुठाय काका? परत म्हणा!" सगळ्या हसल्या.

मी पूर्ण वाक्य म्हणालो. महिनाभर मी बोलत होतो ते फक्त शैला कशी होती, काय म्हणायची, हेच. कुरडया मात्र आत्ता, माझ्यासमोर डब्यात भरल्या जात होत्या.

शिकवणी बंद झाल्याचं सांगायचं राहून गेलं. आता शैला नाही. संध्याकाळी मुली येतात आणि खिडकी उघडी असते.