डाव्या खुर्चीतले तास

हवाई दलात त्याला सगळे 'सबुरी' म्हणत. धावपट्टीवर धुकं पसरलं की बाकीचे चुळबुळ करायचे आणि हा म्हणायचा, "जरा दमानं." असल्या माणसानं पूर्ण पेन्शन लागायच्या आधीच राजीनामा दिला, तेव्हा बायकोच्या कपाळावर आठ्या पडल्या. "दादा आहेत ना तिथं," तो म्हणाला.

दादा म्हणजे त्याचे जुने वरिष्ठ. निवृत्तीनंतर ते एका विमान कंपनीत वैमानिकांची निवड करणारे बडे साहेब झाले होते. फोनवर त्यांनी छातीठोकपणे सांगितलं होतं, "तू नुसता बाहेर पड. कॅप्टनच्या जागेचं माझ्यावर सोपव."

आता दादा एवढे मोठे कसे झाले, तेही ऐका. त्यांच्या स्क्वाड्रनमध्ये एक अलिखित रीत होती. वरिष्ठ निवृत्तीला आला की त्याला बाहेर चांगली नोकरी लागावी म्हणून धाकट्यांनी आपले उड्डाणाचे तास त्याच्या पदरात टाकायचे. मालवाहू विमान डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या खुर्चीतून सबुरीनं उडवायचं, दादांनी उजवीकडे बसून चहा प्यायचा, आणि उतरल्यावर नोंदवहीत कॅप्टनच्या रकान्यात नाव दादांचं. शेवटी शेवटी तर दादांचे हात कापत. सबुरीनं ते कुणाला कळू दिलं नाही. आज त्यांची पाळी, उद्या आपली, असं तो धरून चालला होता. भोळेपणाला औषध नसतं.

कंपनीत तासांची तपासणी करणारी बाई भली होती. सैन्यात चाकं जमिनीवरून सुटल्यापासून टेकेपर्यंतचाच वेळ धरतात. इकडे विमान जागेवरून हललं की मोजायला सुरुवात. तो फरक तिनं आपणहून मिळवून दिला. मग ती थांबली.

"कॅप्टन म्हणून तुमचे तास कमी पडतायत. पण या उड्डाणांचे कॅप्टन आपलेच साहेब दिसतात. त्यांच्या देखरेखीखाली विमान तुम्ही चालवलंत, एवढं त्यांनी म्हटलं तरी ते तास धरता येतील. त्यांचं त्यात काही जात नाही."

एवढंच ना! सबुरी हलका होऊन मुलाखतीच्या खोलीत शिरला.

टेबलापलीकडे तिघं होते, मध्ये दादा. एका परीक्षकानं उत्साहानं विचारलं, "साहेबांनी वादळात एका इंजिनवर विमान उतरवलं, तेव्हा तुम्ही होतात म्हणे?"

ते विमान सबुरीनं उतरवलं होतं. आता दादा सांगतील, असं वाटून तो त्यांच्याकडे बघून हसलाही.

"होता तर, शेजारीच होता," दादा खुर्चीत रेलून म्हणाले. "मी उतरवत होतो, यानं चाकं सोडली." आणि गंमत म्हणून त्यांनी तोच जुना विमानातला आवाज काढला. "चाकं खाली?"

"खाली आणि पक्की, सर," सबुरी म्हणून गेला.

त्या आवाजाला उत्तर द्यायची सवय इतक्या वर्षांची होती की जीभ डोक्याच्या आधी हलली. विचारणारा कॅप्टन, उत्तर देणारा सहवैमानिक, हे खोलीत सगळ्यांना माहीत होतं. हशा पिकला. परीक्षकानं मान डोलावली आणि सबुरीच्या नावापुढं लिहिलं, सहवैमानिक.

बाहेर बोळकंडीत त्यानं दादांना गाठलं. "दादा, विमान मी उतरवलं होतं."

"अरे, ते आता कशाला उकरायचं? नव्या पोरांना मी तीच गोष्ट सांगून शिकवतो." त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात अजून कापत होता. "पुढच्या वर्षी बघू तुझं."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. राजीनामा मागे घेता येत नसतो, हे दादांना पक्कं ठाऊक होतं.

घरी बायको दारातच उभी होती. "काय म्हणाले दादा?"

तो बूट न काढता तसाच खुर्चीत बसला.

"त्या वादळाच्या दिवशी त्यांचा हात चाकांच्या दांड्यापर्यंत पोचत नव्हता," तो म्हणाला. "इतका कापत होता. चाकंसुद्धा मीच सोडली."

हे त्यानं आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं.

"अहो," ती म्हणाली, "हे मला सांगून काय उपयोग?"