भाऊंनी ऐकलेली मुलाखत

प्रबंधासाठी मी नाशिकहून एसटीने येवल्याकडच्या एका गावात जायचे. पैठणी विणणाऱ्या बायकांशी बोलायचं होतं. पण गावात भाऊंना विचारल्याशिवाय पान हलत नव्हतं. रेशीम त्यांच्याकडून यायचं, साडी त्यांच्याकडेच जायची. कुणी वाकडं बोललं की रेशीम बंद. आणि मी जाईन तिथे हे हजर! "पाहुण्यांना एकटं कसं सोडायचं?" म्हणत दारात खुर्ची टाकून बसायचे. अस्सा राग यायचा!

त्या दिवशी एक मावशी मागावर बसल्या होत्या. "तुम्ही बोलाल ते कुणालाही ऐकवणार नाही," असा मी शब्द दिला आणि फोन रेकॉर्डिंगला लावून मागाच्या चौकटीवर ठेवला. विचारलं, "रेशीम वेळेवर मिळतं का?" मावशींनी माग थांबवला. "भाऊ हायेत ना! देवमाणूस!" दारापर्यंत ऐकू गेलं. मग माग सुरू. खटक-खटक, खटक-खटक. नजर धाग्यावर आणि तोंड माझ्या कानाशी. "मेल्यानं लय छळलंय." पुढचं सगळं मी त्या खटखटीतच ऐकलं. मध्येच माग थांबे आणि देवमाणसाची आरती होई. मला हसू आवरेना.

उठताना भाऊ म्हणाले, "ऐकवा की जरा." ऐकवावं तर शब्द मोडतो, नाही म्हणावं तर संशय मावशींवर. तेवढ्यात मावशीच म्हणाल्या, "लावा हो ताई, मलाबी माझा आवाज ऐकायचाय."

लावलं. खटक-खटक, देवमाणूस, खटक-खटक, उपकार, खटक-खटक. भाऊ डोळे मिटून ऐकत होते. खुशीत निघून गेले. मी ओढणी आणि मावशींनी पदर तोंडात कोंबला, तरी हसू फुटलंच.

मग मी म्हटलं, "मावशी, हे छापू का? नाव देणार नाही." त्यांचं हसू थांबलं. "नावाचं काय घेऊन बसलात? एवढंसं गाव. कोण बोललं ते शेंबडं पोरबी सांगंल. रेशीम बंद झालं तर तुमचं पुस्तक विणू का मी?"

प्रबंधात यातलं अक्षर नाही. मार्गदर्शक म्हणाले, निष्कर्ष मिळमिळीत आहेत. म्हणू देत!

मग इथे बरं सांगितलं, असं तुम्ही म्हणाल. अहो, गाव येवल्याकडचं नव्हतं. पैठणी नव्हती, मागही नव्हता. खटखट करणारं दुसरंच काहीतरी होतं. भाऊ तेवढे बदलावे लागले नाहीत, तसे गावोगावी सापडतात. छापायला देण्याआधी मावशींना फोनवर सगळं वाचून दाखवलं. खूप हसल्या. मग म्हणाल्या, "बाई लय धीराची हाय. कोन हो ही?"